गाडीच्या विम्याचा हप्ता वाढला तर जाब कोणाला विचारायचा?

घोडबंदरकर

नमस्कार. मी ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही ११९७ सीसीची एक पेट्रोल गाडी घेतली. कामावर मी बसने आणि पुढे लोकलने जातो, त्यामुळे गाडी बहुधा शनिवार-रविवारीच बाहेर निघते आणि तीन वर्षांत तिच्यावर एकदाही क्लेम घेतलेला नाही. मागच्या वर्षी विम्याचे ₹७,८४७ भरले होते. या आठवड्यात नूतनीकरणाची सूचना आली, तीत ₹१३,५८३ भरा असे लिहिले आहे. एका वर्षात ₹५,७३६ वाढले.

गाडी वर्षाने जुनी झाली, कंपनीनेच तिची किंमत कमी धरली, आमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूटही वाढली आणि तरीही हप्ता चढला, हे काही केल्या समजेना म्हणून मी कंपनीला फोन केला. "हा दर सिस्टीममधून आला आहे, आम्हाला यापेक्षा जास्त दिसत नाही," एवढेच उत्तर मिळाले. फोनवरच्या मुलीला मी दोष देत नाही, कारण तिच्यासमोर खरोखरच कारण लिहिलेले नसावे.

रिक्षाचे किमान भाडे २०२५ मध्ये १ फेब्रुवारीपासून ₹२३ वरून ₹२६ झाले, ते मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाने मंजुरी दिल्यावरच झाले आणि ती बातमी सगळ्यांनी वाचली. विजेचे दर बदलायचे तर राज्य वीज नियामक आयोगापुढे सुनावणी होते आणि ग्राहकांना तिथे हरकती मांडता येतात. गाडीचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. मग त्याच्या दरावर सरकारचे लक्ष आहे की नाही, असेल तर कोणत्या खात्याचे, आणि माझ्यासारख्याने वाढीचे कारण कोणाकडे मागायचे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना विमा कर्मचारी, नेरूळ

घोडबंदरकर साहेब, मी एका सरकारी साधारण विमा कंपनीत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून अधिक मोटार विभागात काढली. आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती कळली नाही तर पुढचे सगळे बोलणे भलतीकडेच जाते. आपण ज्याला एक विमा म्हणतो, ते एका कागदावर छापलेले दोन वेगळे करार आहेत आणि सरकारचे या दोहोंशी असलेले नाते अगदी निरनिराळे आहे.

पहिला करार थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्ती केली आहे ती फक्त याची. सक्ती असल्यामुळे याचा दरही सरकारच ठरवते. पूर्वी हे काम विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला इर्डा म्हणतो, ते करत असे. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे गेले आणि इर्डाशी सल्लामसलत करून मंत्रालय दर जाहीर करू लागले. मार्च २०२२ मध्ये मसुदा निघाला, त्यावर लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या, मे महिन्यात अंतिम नियम आले आणि १ जून २०२२ पासून ते लागू झाले. खासगी गाडी १००० सीसीपर्यंत असेल तर वर्षाला ₹२,०९४, १००० ते १५०० सीसी असेल तर ₹३,४१६ आणि त्याहून मोठी असेल तर ₹७,८९७. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना या दरात १५ टक्के सवलत ठेवली आहे. कंपनी कोणतीही असो, हा आकडा बदलत नाही.

दुसरा करार ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. याची कायद्याने सक्ती नाही. कर्ज असेल तर बँक आग्रह धरते, ही गोष्ट वेगळी. ३१ डिसेंबर २००६ पर्यंत याचेही दर टॅरिफ सल्लागार समिती ठरवून देत असे. त्या काळी आमच्या टेबलावर टॅरिफचे पुस्तक असे आणि ठाण्यातल्या कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात गेलात तरी एका गाडीला एकच आकडा निघे. १ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला दर आपण ठरवते. गंमत नव्हे, पण आजही बहुतेक कंपन्या हिशेब त्याच जुन्या टॅरिफच्या दरापासून सुरू करतात, जो आपल्यासारख्या गाडीला तीन टक्क्यांच्या थोडा वर होता, आणि त्यावर सूट देतात. ही सूट ७० टक्के द्यायची की ५० टक्के, हे कंपनीच्या हातात आहे.

इर्डा याकडे पाहत नाही असे नाही, पण ते पाहते वेगळ्या बाजूने. कंपनीकडे क्लेम भागवण्याइतके भांडवल आहे का, पॉलिसीची कलमे ग्राहकावर अन्याय करणारी नाहीत ना, एकूण व्यवस्थापन खर्च मर्यादेत आहे का, हे ते तपासते. साधारण विमा कंपन्यांसाठी ही खर्चमर्यादा एकूण हप्त्याच्या ३० टक्के आहे. एजंटच्या कमिशनवर प्रकारानुसार ठरलेल्या कमाल मर्यादा मात्र १ एप्रिल २०२३ पासून उठल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, साधारण विम्याच्या बहुतेक पॉलिसी आधी बाजारात आणून नंतर इर्डाकडे दाखल करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आपल्या एका गाडीचा दर इतकाच का, हे विचारणारे कोणी मधे उभे नाही.

आता आपल्या आकड्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. आपण २०२२ मध्ये गाडी घेतली तेव्हा त्याचे ₹१०,६४० शोरूममध्येच भरले असतील. त्यानंतरच्या दोन नूतनीकरणांत आपण फक्त ओन डॅमेजचे पैसे भरत होता. ती तीन वर्षे आता संपली, म्हणून थर्ड पार्टीची ओळ यंदा पहिल्यांदा आली असणार. दोन्ही वर्षांचे तपशील इथे लिहा, मग किती वाढ खरी आणि किती दिसण्यापुरती, ते काढता येईल.

घोडबंदरकर

काका, अगदी तसेच आहे. मागच्या वर्षीच्या कागदावर थर्ड पार्टीपुढे रेघ आहे आणि यंदा ₹३,४१६ आहेत. हे माझ्या लक्षातच आले नव्हते आणि मला कोणी सांगितलेही नव्हते.

मागच्या वर्षी गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ₹५,४६,००० होती, मूळ ओन डॅमेज ₹५,२२७, त्यातून २५ टक्के नो क्लेम बोनस वजा होऊन ₹३,९२०, झिरो डेपचे (म्हणजे बदललेल्या भागांचा घसारा न कापता भरपाई मिळण्याचे) ₹२,१८४ आणि इंजिन संरक्षणाचे ₹५४६, एकूण ₹६,६५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. यंदा आयडीव्ही ₹४,३२,०००, मूळ ओन डॅमेज ₹६,८९३, बोनस ३५ टक्के वजा जाऊन ₹४,४८०, झिरो डेप ₹२,५९२, इंजिन संरक्षण ₹६४८, थर्ड पार्टी ₹३,४१६ आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा ₹३७५, एकूण ₹११,५११ आणि त्यावर जीएसटी.

जुना विमा कर्मचारी, नेरूळ

आभारी आहे. असे कागद समोर असले की अंदाजाने बोलावे लागत नाही.

₹५,७३६ च्या वाढीतले जीएसटी धरून सुमारे ₹४,०३१ थर्ड पार्टीचे आहेत. ही वाढ नव्हे. पूर्वी एकदम भरलेले आता दरवर्षी भरायचे आहे, इतकाच त्याचा अर्थ. वैयक्तिक अपघाताचे जीएसटीसह ₹४४३ झाले. हा ₹१५ लाखांचा विमा व्यक्तीचा असतो, गाडीचा नसतो. आपल्याकडे तेवढ्या रकमेची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल किंवा दुसऱ्या गाडीवर हा विमा आधीच घेतलेला असेल, तर तसे लिहून देऊन ही ओळ काढून टाकता येते. उरले सुमारे ₹१,२६३. कोणी म्हणेल की एवढ्याशा रकमेसाठी काय भांडायचे, पण आपली खरी तक्रार याच आकड्यात दडलेली आहे.

मूळ ओन डॅमेजच्या रकमेला आयडीव्हीने भागून एक लाखाने गुणून पाहा, बोनस वजा करण्याआधीच्या रकमेला. मागच्या वर्षी एक लाखाच्या गाडीमागे ₹९५७ पडत होते. यंदा एक लाखामागे ₹१,५९६ पडतात. एका वर्षात ओन डॅमेजचा दर दीडपटीहून अधिक झाला. आयडीव्ही उतरली आणि बोनस २५ चा ३५ झाला, म्हणून ती वाढ झाकली गेली. आपण तीन वर्षे जपून गाडी चालवून जो बोनस कमावला, तो दुसऱ्या हाताने काढून घेतला गेला, असे मी म्हणेन, आणि हे मी कंपनीच्या बाजूने तीन दशके बसून म्हणतो आहे.

तीन टक्क्यांवर ७० टक्के सूट होती, ती ५० वर आली, एवढेच यामागचे गणित असावे. सूट का घटली? त्या मॉडेलच्या गाड्यांचे क्लेम वाढले असतील, त्या भागातले वाढले असतील, किंवा पहिल्या वर्षी ग्राहक मिळावा म्हणून दिलेली जादा सूट आता काढून घेतली असेल. यातले कोणतेही कारण गैर नाही. ते ग्राहकाला सांगण्याची सक्ती नाही, हे मात्र मला गैर वाटते.

वकील, नौपाडा

वरच्या चर्चेत थर्ड पार्टीचा भाग चटकन मागे पडला, म्हणून लिहितो. मी ठाण्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे काम करतो आणि बहुतेक वेळा अपघातग्रस्तांच्या बाजूने उभा राहतो. थर्ड पार्टीच्या ₹३,४१६ विषयी कोणाच्याही मनात नाराजी राहू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उदाहरण घ्या. पस्तीस वर्षांचा एक रिक्षाचालक अपघातात गेला. महिन्याची कमाई ₹२०,०००. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घालून दिलेल्या सूत्रानुसार त्याच्या कमाईत भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे ₹२८,००० झाले. चार जण अवलंबून असल्यामुळे त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करायचा, म्हणजे ₹२१,००० उरले. वर्षाचे ₹२,५२,००० झाले आणि त्याला त्या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने गुणायचे. भरपाई ₹४०,३२,००० येते आणि इतर ठरावीक रकमा आणखी वेगळ्या. मृत्यू किंवा दुखापतीच्या बाबतीत विमा कंपनीच्या या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, ₹७.५ लाखांची. ज्या गाडीची धडक बसली तिचा विमा नसेल तर ही रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मालकाकडे ती नसते आणि मग हुकूमनामा हातात घेऊन ती विधवा वर्षानुवर्षे वसुलीसाठी खेटे घालते. मुरबाड-शहापूरकडून पहिली गाडी पकडून तारखेला येणारी अशी माणसे मी रोज पाहतो. विम्याविना गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी ₹२,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्या दंडाचे भय हे विमा घेण्याचे खरे कारण नव्हे.

म्हणून हप्ता परवडत नाही असे वाटले तर ओन डॅमेज सोडा, झिरो डेप सोडा, थर्ड पार्टी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका.

सरकारच्या देखरेखीबद्दल माझे मत असे आहे की हा भाग सरकारने हातात ठेवला ते योग्यच आहे. पण भरपाईच्या रकमा दरवर्षी वाढत असताना थर्ड पार्टीचा तक्ता २०२२ चाच राहिला, तर कंपन्या तो भार मोकळ्या असलेल्या अर्ध्या भागातून भरून काढणार, असा माझा तर्क आहे. सरकारने एका खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्याकडे पाहिलेच नाही, तर देखरेख अर्धीच राहते.

गॅरेजवाला, रबाळे

मी थोडक्यात लिहितो. दुरुस्तीचा खर्च खरोखर वाढला आहे, हे मी रोज बिले करतो म्हणून सांगू शकतो. दहा वर्षांपूर्वी पुढचा बंपर फुटला तर बंपर बदलायचा आणि रंग मारायचा, काम संपले. आता त्याच बंपरमध्ये सेन्सर असतात, हेडलाइट एलईडीचा पूर्ण संच येतो आणि त्याचा एक कान तुटला तरी कंपनी तेवढाच भाग देत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. तेवढी रक्कम विमा कंपन्यांच्या बिलातून आता वाचते आहे, ती ग्राहकाच्या हप्त्यात कधी दिसणार, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

घोडबंदरकर दादा, इंजिन संरक्षणाचे ₹६४८ वाचवू नका. पावसात ठाण्यातल्या वंदना टॉकीजच्या परिसरातून किंवा तळघरातल्या पार्किंगमधून आलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत. पाणी भरलेल्या गाडीला चावी फिरवली की सिलिंडरमध्ये पाणी दाबले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हातात घेतला तर केळीसारखा बाक आलेला दिसतो. साध्या पॉलिसीत असा क्लेम बहुधा नाकारला जातो, कारण नुकसान पाण्याने नाही तर नंतर चावी फिरवल्याने झाले असे म्हणतात.

सीवूड्सची वाचक

जुने विमा कर्मचारी काकांनी शिकवलेला भागाकार मी आत्ताच माझ्या पॉलिसीवर करून पाहिला. माझ्याकडे एक लाखामागे ₹१,१२० आले. गाडी जवळपास तशीच आहे आणि नोंदणी वाशी आरटीओची, एमएच ४३. आता माझे स्पष्ट मत मांडते. ओन डॅमेजचे दरही पूर्वीसारखे सरकारनेच ठरवावेत. लाखो रुपयांची गाडी कर्जावर घेणाऱ्याला बँक ओन डॅमेज घ्यायलाच लावते, मग ते ऐच्छिक कसे? शोरूममध्ये तर विमा गाडीच्या किमतीतच धरून सांगतात. मला नेरूळच्या एका शोरूममध्ये विमा बाहेरून घेतला तर गाडी उशिरा मिळेल असे सांगितले होते आणि ते नियमात बसत नाही हे मला दोन वर्षांनी कळले.

ब्रिटनमध्ये असाच प्रश्न होता. जुन्या ग्राहकाचा हप्ता नूतनीकरणाला गुपचूप वाढवत न्यायचा आणि नव्याला स्वस्तात द्यायचा. तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून नियम केला की गाडीच्या आणि घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नूतनीकरणासाठी सांगितलेला दर त्याच कंपनीने नव्या ग्राहकाला सांगितलेल्या दरापेक्षा जास्त असता कामा नये. तिथे दर सरकार ठरवत नाही, तरी एवढे बंधन घातलेच. आपल्याकडे निदान एवढे तरी व्हायला काय हरकत आहे?

जुना विमा कर्मचारी, नेरूळ

ताई, शोरूमबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे. डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. इर्डाने १ नोव्हेंबर २०१७ पासून डीलरांसाठी मार्गदर्शक सूचना लागू केल्या, त्यात हे आले आहे.

पण सरकारने पुन्हा सगळे दर ठरवावेत, याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. मी ते दिवस पाहिले आहेत. दर एकच असल्यामुळे कंपनीला चांगली सेवा देण्याचे काही कारणच उरत नसे. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर पंधरा दिवसांनी आला तरी ग्राहक जाणार कुठे? शिवाय आठवड्यातून एकदा गाडी काढणारे घोडबंदरकर आणि रोज पनवेल-ठाणे ये-जा करणारा माणूस यांनी सारखेच पैसे भरायचे. जुलै २०२२ पासून इर्डाने वापरानुसार हप्ता आकारणाऱ्या जोड-विम्याला परवानगी दिली आहे. किलोमीटर कमी तर हप्ता कमी. दर मोकळे नसते तर हे आलेच नसते. घोडबंदरकर साहेबांनी तो जरूर विचारून पाहावा.

माझी मागणी वेगळी आहे आणि फार लहान आहे. नूतनीकरणाच्या सूचनेवर मागच्या वर्षीचा आणि यंदाचा एक लाखामागचा दर शेजारी शेजारी छापावा आणि तो वाढला असेल तर खाली एका ओळीत कारण लिहावे. मॉडेलचे क्लेम वाढले, भागातले वाढले, सवलत संपली, जे असेल ते. हे कंपनीला अवघड नाही, कारण तिच्या संगणकात ते असतेच. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपनीकडे राहू द्या, त्या दराचा खुलासा करण्याची जबाबदारी सरकारने तिच्यावर टाकावी. ब्रिटनचा नियम आपण सांगितला, तो मला माहीत नव्हता. तोही चांगला आहे, पण कारण छापले गेले तर जुना-नवा हा भेद ग्राहकालाच दिसेल.

वकील, नौपाडा

काकांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. ती होईपर्यंत आज काय करता येते, ते सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा. समाधान झाले नाही तर इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ठाणे, रायगड, पालघर आणि नवी मुंबईसाठी लोकपालाचे कार्यालय आता ठाणे पश्चिमेलाच आहे, पुण्याला किंवा सांताक्रूझला जायची गरज उरलेली नाही. ₹५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

मात्र लोकपालाकडे क्लेम नाकारल्याची, कमी दिल्याची, उशिराची किंवा पॉलिसीच्या अटींनुसार देय हप्त्याविषयीच्या वादाची तक्रार चालते. कंपनीने जाहीरपणे वाढवलेला दर कमी करा, असा आदेश त्यांच्याकडून मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. बोनस चुकीचा धरला, आयडीव्ही न विचारता उतरवली, नको असलेली ओळ घातली, अशा चुका असतील तरच तिथे जा.

घोडबंदरकर

आपणा सर्वांचे आभार. पॉलिसी १४ तारखेच्या मध्यरात्री संपत होती, म्हणून आधी विमा आणि मग पत्रव्यवहार असे केले.

वैयक्तिक अपघाताची ओळ काढली, कारण माझी ₹२० लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी आहे. जुन्या कंपनीला एक लाखामागचा दर सांगून विचारले, तेव्हा दोन दिवसांनी "दर बाजारस्थितीनुसार आहेत" असे एका ओळीचे उत्तर आले. मग दुसऱ्या दोन कंपन्यांकडून आकडे मागवले. एकीचा मूळ ओन डॅमेज त्याच ₹४,३२,००० च्या आयडीव्हीवर ₹४,५३६ निघाला, म्हणजे एक लाखामागे ₹१,०५०. बोनस ३५ टक्के वजा करून ₹२,९४८, झिरो डेप आणि इंजिन संरक्षण मिळून ₹२,९००, थर्ड पार्टी तेच ₹३,४१६. जीएसटीसह ₹१०,९३२ झाले. जुन्या आकड्यापेक्षा ₹२,६५१ कमी. बोनस मालकाचा असतो, कंपनी बदलली तरी बरोबर येतो, हे काउंटरवरच्या माणसानेच सांगितले. त्याला फक्त जुन्या पॉलिसीची प्रत लागली.

आमच्या इमारतीत माझ्या शेजारच्या पार्किंगमध्ये हेच मॉडेल आहे, २०२२ चेच. काल संध्याकाळी खाली लिफ्टपाशी त्यांच्या पॉलिसीवर मोबाइलमध्ये भागाकार केला. विमा माझ्या जुन्याच कंपनीचा, त्यांनी तो यंदाच तिथे नेला आहे. एक लाखामागे ₹९९०. माझ्याकडे ती ₹१,५९६ मागत होती. सीवूड्सच्या ताईंनी सांगितलेली ब्रिटनमधली गोष्ट मला आमच्याच वाहनतळात सापडली.

आज बीमा भरोसावर तक्रार नोंदवली. पैसे परत मागितलेले नाहीत. दोन्ही वर्षांचे दर शेजारी शेजारी लिहिले आणि एकच प्रश्न विचारला, हा दर कोणत्या कारणाने वाढला ते लेखी कळवावे. क्रमांक मिळाला आहे. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या पॉलिसीची प्रत नाव झाकून जोडली आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.